ढोलावरचं कापड

माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. एवढं साधं वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली. कॉलेजात कुणी विचारलं तर मी म्हणे, "वडील संस्थानच्या नोकरीत होते." ते खोटं नव्हतं. संस्थानच्या फौजेचा स्वतःचा बँड होता आणि ऐन तारुण्यातली बारा वर्षं वडिलांनी त्यात काढली होती. तिथल्या गोव्याकडच्या बँडमास्तरनं त्यांना विलायती पद्धतीनं लिहिलेलं संगीत वाचायला शिकवलं. पाच रेघा आणि त्यांवरचे काळे ठिपके ते वर्तमानपत्रासारखे वाचत. पुढे संस्थान विलीन झालं, फौज गेली, बँड मोडला आणि वडील मंगळवार पेठेतल्या एका लग्नाच्या बँडमध्ये लागले. हा पुढचा भाग मी कुणाला सांगत नसे.

आम्ही त्यांना आबा म्हणत असू. शाळेत असताना एकदा घरी येताना समोरून वरात आली. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, घामानं चिकटलेली टोपी आणि फुगलेले गाल. माझे मित्र वरातीपुढे नाचायला लागले. मी शेजारच्या सायकलच्या दुकानात शिरलो आणि टांगलेली टायरं बघत उभा राहिलो. आबांनी मला पाहिलं होतं. तोंडात क्लॅरिनेट असलेल्या माणसाला हाक मारता येत नाही, एवढ्यावर मी वाचलो. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "पोराच्या सायकलीचं टायर गेलंय वाटतं. बघाय पायजे." माझ्याकडे सायकल नव्हती.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते एका रविवारच्या सकाळी अचानक झालं असं मला कुणाला भासवायचं नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. लग्न झाल्यावर कॉलेजजवळ बिऱ्हाड केलं होतं आणि दर गुरुवारी मंगळवार पेठेत आई-आबांकडे जेवायला जात असे. आमच्या कॉलेजात महिन्यातून एका रविवारी सकाळी रेकॉर्डवरचं संगीत ऐकवण्याचा कार्यक्रम चाले. बहुतेक वेळा आपलं शास्त्रीय गाणंच असायचं. त्या वर्षी गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी विलायतेहून आणलेल्या काही रेकॉर्डी कॉलेजला भेट दिल्या. त्यांत दोन मोठ्या तबकड्यांवरची एक सिंफनी होती. गेल्या शतकातल्या एका युरोपीय संगीतकाराची. त्याचं नाव लिहीत नाही. यात त्याचा काही दोष नव्हता.

ही सिंफनी नुसत्या सुरांची नव्हती, तिला गोष्ट होती. संगीतकारानं स्वतःच ती लिहून ठेवलेली आणि रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत छापलेली होती. चार भाग. पहिल्यात एक तरुण बापाशी भांडून घर सोडतो. दुसऱ्यात परक्या मुलखातली संध्याकाळ, कुठेतरी मेंढपाळाची पिपाणी वाजते आणि त्याला घर आठवतं. तिसऱ्यात आई गेल्याची बातमी येते आणि तिची अंत्ययात्रा त्याच्या डोळ्यांपुढून जाते. चौथ्यात तो घरी परततो. पाच-सहा सुरांची एक लहानशी धून चारही भागांत येत राहते, ती म्हणजे घर. शब्द नसताना नुसत्या वाद्यांनी माणसाची अख्खी गोष्ट सांगायची, ही कल्पनाच मला विलक्षण वाटली. प्राचार्यांनी विचारलं, "याचं मराठीत विवेचन करणार का?" मी लगेच हो म्हणालो.

मी अठरा पानं लिहिली. परदेशातल्या एकटेपणावर लिहिलं, आईच्या मृत्यूवर लिहिलं, परतण्याच्या आनंदात मिसळलेल्या पश्चात्तापावर लिहिलं. सगळं पुस्तिकेवरून. रेकॉर्ड प्लेअर भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात कुलपात असे. शनिवारी अर्धा तास मिळाला, त्यात पहिला भाग ऐकला. बाकीचे तीन भाग मी एकदाही ऐकले नव्हते. ज्या संगीताचा अर्थ मी दीडशे माणसांना सांगणार होतो, ते मी ऐकलेलंच नव्हतं. मला त्याची लाज वाटली नाही, कारण अर्थ तर माझ्या हातातल्या पुस्तिकेत होता.

व्याख्यानाआधीच्या गुरुवारी जेवताना मी आबांना त्याबद्दल सांगितलं.

"विलायती बाजा?" ते म्हणाले. "मग मी बी येऊ की."

"तुम्हाला कंटाळा येईल आबा. दीड तास आहे. आणि मी बोलणार ते जरा अवघड आहे."

"बाज्याचा कटाळा?" ते हसून आईकडे वळले. "ऐकलंस काय? पाण्याचा कटाळा येतोय का, म्हणून माशाला इचारतोय मास्तर."

मी विषय बदलला.

रविवारी सभागृह भरलं होतं. प्राध्यापक, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका. पुढच्या रांगेत आमच्याच कॉलेजातल्या संस्कृतच्या बाई होत्या. त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी वारले होते आणि त्या पहिल्यांदाच अशा कार्यक्रमाला आल्या होत्या. कोपऱ्यात प्लेअरपाशी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सहायक बसला होता. हा उचगावचा, माझ्याच वयाचा माणूस. कॉलेजचं प्रत्येक यंत्र त्याच्या स्वाधीन असे. मी सुरुवात केली तेवढ्यात मागचं दार उघडून आबा आत आले. स्वच्छ सदरा, काळी टोपी. शेवटच्या रांगेत कडेला बसले. मी पाहिलं आणि नजर कागदावर आणली.

प्रत्येक भागाआधी मी त्याची गोष्ट सांगायचो, मग सहायक सुई ठेवायचा. पहिला भाग झाला. त्यानं तबकडी उलटली. मी परक्या मुलखातल्या शांत संध्याकाळचं वर्णन केलं आणि जे सुरू झालं ते घाईचं, उसळतं, घोडे दौडल्यासारखं होतं. मी क्षणभर गोंधळलो. पण माणसाची बुद्धी अशा वेळी किती तत्पर असते! संगीत चालू असतानाच मी उठलो आणि म्हणालो, "बाहेर संध्याकाळ शांत आहे, पण त्याच्या मनातली खळबळ ऐका." लोकांनी माना हलवल्या. मलाही ती खळबळ ऐकू यायला लागली. घराची धून त्यात होतीच. ती आली की मी बोट वर करायचो. मग अंत्ययात्रा. एक लांब, संथ, एकट्या वाद्याचा सूर. संस्कृतच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि शेवटी माझ्या पानांतलं घरी परतणं: जड, संथ पावलांनी सुरू होऊन पितळी वाद्यांच्या प्रचंड आवाजापर्यंत चढत जाणारं. "अपराधी मुलाचं पाऊल उंबऱ्यापाशी अडतं आहे," मी म्हणालो, "आणि मग दार उघडतं." टाळ्या बराच वेळ वाजत होत्या.

प्राचार्यांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे?"

मागे आबा उभे राहिले.

"सर," ते म्हणाले. मला. "ह्ये शेवटचं जे वाजलं, ते घरला येणं न्हाय. ती मयत हाय."

लोक वळून बघायला लागले.

"ढोलावर कापड टाकलंय की त्यात. काळं कापड टाकत्यात ढोलावर, तवा असा आवाज निघतो, भिंतीपल्याडनं आल्यावाणी. आन् चाल बी मयतीचीच हाय. पाय वढत चालायचं. त्ये दुसरं जे पळापळीचं वाजलं, त्ये ह्याच्या मागनं पायजे. मयत पोचवून परतताना बाजा जोरात वाजवत येत्यात, तसा फौजेत कायदाच हाय. तबकड्या उलट्यापालट्या झाल्यात. परत एकदा लावून बगा."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पहिल्या रांगेतले एक वकील मोठ्यानं म्हणाले, "अहो, दीडशे माणसं रडली ती काय उगाच?" प्राचार्यांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "कोण हे? ओळखता का?"

मला तेव्हा काय करता आलं असतं, याच्या मी आजवर मनाशी कितीतरी जोडण्या केल्या आहेत. सगळ्यांत सोपी: माझे वडील आहेत, असं म्हणायचं. त्यात विद्वत्तेचा प्रश्नच नव्हता.

मी हसून म्हणालो, "पावणं, हा वरातीचा बाजा नव्हे. इथे ढोलाकडे नाही, भावनेकडे लक्ष द्यायचं असतं."

आमच्या कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. रस्ता विचारणाऱ्याला, दुकानात आलेल्याला, एसटीत शेजारी बसलेल्याला. त्यात अपमान काहीच नाही. बापाला मात्र कुणी म्हणत नाही.

सभागृह पुन्हा हसलं. आबांनी टोपी नीट केली, "बरं," म्हणाले आणि खाली बसले. आभार होईपर्यंत बसून होते. मी पुढच्या लोकांचे नमस्कार घेऊन मागे पाहिलं तेव्हा ते गेले होते. संस्कृतच्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "दोन महिन्यांत मला रडू आलं नव्हतं. आज तुमच्यामुळे आलं."

तिसऱ्या दिवशी सहायक मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सर, एक दावायचं हाय." त्यानं मला प्रयोगशाळेत नेऊन तबकड्या दाखवल्या. पहिल्या तबकडीच्या एका बाजूला एकचा आकडा होता, पाठीवर चारचा. दुसरीवर दोन आणि तीन. "मी आपली रोजच्यासारखी उलटत गेलो. आकडं आता पुसताना बघितलं." विलायतेत काही यंत्रांवर रेकॉर्डी एकावर एक चढवून ठेवतात, एक संपली की वरची आपोआप खाली पडते, आणि मग सगळी चळत एकदम उलटतात. ह्या तबकड्या तशा यंत्रासाठी केलेल्या होत्या. आम्ही पहिल्या भागानंतर चौथा ऐकला होता, मग दुसरा, आणि सगळ्यात शेवटी तिसरा.

दार लावून घेऊन आम्ही त्या नीट क्रमानं ऐकल्या. ज्या सुरावर बाई रडल्या होत्या ती मेंढपाळाची पिपाणी होती. कुणी मेलेलं नव्हतं. एका परक्या गावात संध्याकाळ होत होती, एवढंच. मग ढोल आला. आता मला तो ऐकू आला. आवाज खरोखर भिंतीपलीकडून यावा तसा दबलेला होता. घराची धून त्या ढोलाच्या ठेक्यावर खालच्या पट्टीत, पाय ओढत चालली होती. आणि ती पोचवून आल्यावर शेवटचा भाग उसळून निघाला, रिकाम्या हातांनी घाईघाईनं परतणारी माणसं असावीत तसा. त्यात माझा पश्चात्ताप कुठेही नव्हता. आबांनी एकदाच ऐकून, पुस्तिका न वाचता, सगळं बरोबर सांगितलं होतं.

"ते मागं बसलेलं म्हातारं बरोबर म्हणत हुतं की हो," सहायक म्हणाला. "कोण हुतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "आणि हे कुणाला सांगू नका."

त्यानं सांगितलं नाही. निवृत्त होईपर्यंत सांगितलं नाही. त्याच्यासमोरून जाताना मात्र मी नेहमी घाईत असे.

दोन दिवसांनी गुरुवार आला. मी वाटभर शब्द जुळवत गेलो. दारात आबा उभे होते. मला बघून बाजूला झाले आणि हात पुढे करून म्हणाले, "या पावणं. बसा."

आई हसली. तिला वाटलं, जावई आल्यासारखी थट्टा चालली आहे. मीही हसलो. जुळवलेले शब्द तिथेच राहिले.

त्या दिवसापासून आबा मला पावणं म्हणू लागले. रागानं कधीच नाही, अगदी अदबीनं. "पावणं, भाकरी घ्या." "पावण्यास्नी पाट द्या." माझ्या मुलींना त्याची फार गंमत वाटे. बायकोनं एकदा विचारलं, "मामंजी तुम्हाला असं का म्हणतात हो?" मी म्हणालो, "लाडानं." बाकी सगळं पूर्वीसारखं होतं. फक्त एक बंद झालं. वरातीहून आल्यावर आज काय वाजवलं, कुठला सूर कसा लागला, हे ते मला आवर्जून सांगायचे. ते पुन्हा कधी सांगितलं नाही. माझ्यासमोर त्यांनी क्लॅरिनेटची पेटीसुद्धा उघडली नाही.

यापुढचं लिहिणं सगळ्यांत कठीण आहे. पुढच्या दोन वर्षांत मला त्याच व्याख्यानासाठी सांगलीला आणि इचलकरंजीला बोलावलं. तिथे मी रेकॉर्डी बरोबर क्रमानं लावल्या. तिसऱ्या भागाआधी थांबून, आवाज खाली आणून मी म्हणायचो, "लक्ष देऊन ऐका, या ढोलावर काळं कापड टाकलेलं आहे. तो भिंतीपलीकडून आल्यासारखा वाजतो." सभागृहात अशी शांतता पसरायची की मला स्वतःच्याच वाक्याचा अभिमान वाटायचा. कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख लिहिला, त्याची सुरुवातही त्याच वाक्यानं केली. लेखाचं कौतुक झालं. तो अंक मी मंगळवार पेठेत कधी नेला नाही. संस्कृतच्या बाईंनी मात्र तो वाचला. त्या मला एवढंच म्हणाल्या, "क्रम बदललेला दिसतो." मी म्हणालो, "हो, थोडा." त्यांचं त्या दिवशीचं रडणं खोटं होतं का? मला नाही वाटत. तो सूर त्यांना जे देत होता ते त्यांनी घेतलं. खोटी होती ती माझी अठरा पानं.

चौदा वर्षं गेली. आई गेली. आबांचा दम कमी झाला, वाजवणं सुटलं. एका हिवाळ्यात ते म्हणाले, "पावणं, वाडीला जाऊन येऊ." आम्ही एसटीनं नृसिंहवाडीला गेलो. दर्शन झाल्यावर घाटाच्या पायरीवर बसलो. मी कवठाची बर्फी घेतली होती, ती ते चिमटीनं थोडी थोडी खात होते. कोवळं ऊन होतं. पुढे कधी जमेल असं वाटेना, म्हणून मी बोललो.

"आबा, त्या रविवारी तुमचं बरोबर होतं. तबकड्या उलट्यापालट्या झाल्या होत्या."

कुठला रविवार, असं त्यांनी विचारलं नाही.

"ते मला ठावं हुतं की. बारा वरसं मयतींना वाजिवलंय. तुला कवा कळलं?"

मी खरं सांगायलाच बसलो होतो. "तिसऱ्या दिवशी," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "गेल्या महिन्यात. एका मित्राकडे ती रेकॉर्ड नीट ऐकायला मिळाली."

"गेल्या म्हैन्यात?"

"हो."

"मंजी त्या दिवशी तुला ठावंच न्हवतं."

"नाही."

"आन् मागनं बी न्हाय?"

"नाही, आबा."

त्यांनी हातावरची बर्फी झटकली आणि ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मग सुटलं. चारचौघांत तू मला पावणं म्हणालास, त्याचं मला काय वाटलं न्हवतं लेका. तुजी लाज मला टायरच्या दुकानापासनं ठावं हाय. पोरास्नी वाटतीच. पण मला वाटायचं, ह्याला मागनं कळलं असंल. शिकलेला हाय, दुसऱ्यांदा लावून बगितलं असंल. आन् कळून बी हा गप बसलाय, बापापशी येऊन एक शब्द बोलंना. चौदा वरसं ह्येच डोक्यात." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उगंच पावणं पावणं करत बसलो तुला. चुकलं माजं."

आता बोलावं, अजून वेळ गेलेली नाही, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळत होतं. मी उठलो, त्यांना हात दिला आणि आम्ही स्टँडकडे निघालो.

परतीच्या गाडीत गर्दी होती. आबांना खिडकीशी जागा मिळाली, मला त्यांच्या शेजारी. समोरच्या बाकावर शिरोळकडचा एक शेतकरी होता. त्यानं थोड्या वेळानं आबांना विचारलं, "हे पावणं कुठलं म्हणायचं?"

"पावणं न्हाय," आबा घाईनं म्हणाले. "पोरगा हाय माजा. प्रोफेसर हाय कोल्हापुरात. विलायती बाज्यातलं लई कळतंय त्याला."

"व्हय? मग सांगा की सर कायतरी, आमाला बी कळू दे."

"सांग की," आबा म्हणाले आणि मला कोपरानं हलकंच ढोसलं.

माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

"मयतीच्या वेळी," मी म्हणालो, "ढोलावर काळं कापड टाकतात."

"बगा," आबा त्या माणसाला म्हणाले, जणू ते हे पहिल्यांदाच ऐकत होते.